आधी फोर्टचे रस्ते, मग संग्रहालय

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी नुकतेच शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहोत. डिसेंबरमध्ये एका लग्नाच्या निमित्ताने मुंबईला येणार असून मधला एक रविवार पूर्ण मोकळा आहे. फोर्ट भागातील हेरिटेज वॉक मार्गदर्शकाबरोबर करावा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र आमचे आम्ही, आमच्या गतीने पाहावे, असे आमच्या मनात आहे. हे दोन्ही एकाच दिवशी जमेल का? आणि आधी काय पाहावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दोन्ही एका दिवशी निश्चित जमेल. आधी हेरिटेज वॉक करावा आणि नंतर संग्रहालय पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही हाच क्रम सोयीचा आहे. फोर्टमधील बहुतेक वॉक सकाळी साडेसात-आठच्या सुमारास सुरू होतात आणि दोन ते अडीच तास चालतात. संग्रहालय सव्वादहाला उघडते आणि सायंकाळी सहापर्यंत खुले असते. रविवारी कार्यालये बंद असल्यामुळे एरवी माणसांनी आणि वाहनांनी गजबजलेल्या फोर्टच्या रस्त्यांवर सकाळी निवांत थांबता येते, मान वर करून इमारतींचे माथे पाहता येतात आणि मार्गदर्शकाचे बोलणे नीट ऐकू येते. हीच पायपीट दुपारी करायची म्हटली, तर डिसेंबरातही मुंबईचे ऊन आणि दमटपणा माणसाला थकवतो.

तथापि, घड्याळापेक्षा मोठे कारण दुसरेच आहे. हे संग्रहालय ज्या शहरात उभे आहे ते शहर एका मोठ्या इलाख्याची राजधानी होते, ही गोष्ट आधी पायांखालून गेली, तर दालनांतल्या वस्तू एकमेकींशी बोलू लागतात. मुंबई इलाख्यात आजच्या महाराष्ट्राचा आणि गुजरातचा बराचसा भाग होता, तसाच विजापूर-धारवाडचा प्रदेश होता आणि 1936 पर्यंत सिंधही होता. त्यामुळे सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपाच्या उत्खननात सापडलेली भाजक्या मातीची शिल्पे मुंबईत आली, आणि आज कर्नाटकात असलेल्या ऐहोळेच्या मंदिरातील शिल्पेही इथेच आली. संग्रहालयाचे दालन आधी पाहणाऱ्याला ‘सिंधच्या वस्तू इथे कशा?’ असा प्रश्न पडतो आणि तो तसाच राहून जातो. ओव्हल मैदानासमोर जुने सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय एका रांगेत उभे असलेले पाहून जो आत येतो, त्याला उत्तर आधीच मिळालेले असते. इलाख्याचा कारभार याच रांगेतून चालत होता, आणि त्या कारभाराबरोबर इलाख्यातील पुराणवस्तूही राजधानीकडे येत होत्या.

वॉक ठरवताना आयोजकांना एवढे अवश्य विचारावे, की तो कोठे संपतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून किंवा हॉर्निमन सर्कलपासून सुरू होऊन काळा घोड्याला संपणारा मार्ग आपल्यासाठी सर्वांत चांगला, कारण तेथून संग्रहालयाचे फाटक काही मिनिटांच्या अंतरावर आहे. उलट दिशेने जाणारा वॉक घेतला, तर तो संपल्यावर सुमारे दीड किलोमीटर परत यावे लागेल. मराठीतून बोलणारा मार्गदर्शक मिळतो का, हेही आगाऊ विचारून ठेवावे. बरेच आयोजक इंग्रजी गृहीत धरतात. परंतु गटात चार-सहा मराठी माणसे असली आणि तशी मागणी आधी कळवली, तर पुष्कळदा सोय होऊ शकते. ही मागणी आपण संकोच न करता करावी.

चालताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे, असे मी सुचवीन, आणि ती म्हणजे दगड. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला प्रचंड भाव आला होता आणि त्या पैशातून मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहिले. कापसाच्या व्यापारात मोठे झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर हे त्याचे ठळक उदाहरण. या इमारतींत आपल्या ओळखीचा काळा बेसाल्ट आहे, कुर्ल्याचा आणि मालाडचा पिवळसर दगड आहे, पोरबंदरचा फिकट चुनखडीचा दगड आहे. 1870 मध्ये बांधून झालेल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीसमोर क्षणभर उभे राहून मालाडच्या दगडाचा रंग डोळ्यांत साठवून घ्यावा. संग्रहालयाच्या वास्तूतही कुर्ल्याचा बेसाल्ट आणि पिवळसर दगड आहे, आणि आत शिल्पदालनात गेल्यावर घारापुरीचा बेसाल्ट आहे. ज्या दगडातून शहर बांधले गेले, त्याच जातीच्या दगडातून सहाव्या शतकातील शिल्पकारांनी देव घडवले होते, ही जाणीव रस्त्यावरून थेट दालनात येणाऱ्यालाच होते.

वॉक संपल्यावर लगेच तिकिटाच्या रांगेत उभे राहू नये. फोर्टातल्या एखाद्या इराण्याकडे चहा आणि ब्रुन मस्का घ्यावा, अर्धा तास बसावे, मार्गदर्शकाने सांगितलेल्यांपैकी जे मनात राहिले असेल ते दोघांनी एकमेकांना सांगावे. तेवढ्या विश्रांतीनंतर अकराच्या सुमारास आत गेल्यास दीडपर्यंतचा वेळ पुरेसा होतो. अडीच तासांपेक्षा जास्त वेळ संग्रहालयात काढण्याचा अट्टहास मी करू देणार नाही. सकाळभर चाललेल्या माणसाचे डोळे त्यानंतर पाहतात, पण मन पाहत नाही.


प्रश्न : संग्रहालयात मार्गदर्शकाशिवाय जावे असे आपण एका लेखात सुचवले होते. आम्हा मित्रांना चित्र-शिल्पातले काहीही कळत नाही. मागच्या वेळी आम्ही तासाभरात सगळी दालने फिरून बाहेर आलो आणि काय पाहिले ते कोणालाच सांगता येईना. मार्गदर्शक शहरात हवा आणि संग्रहालयात नको, यामागचे कारण काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रस्त्यावर मार्गदर्शक हवा, कारण तिथली अर्धी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. तट पाडलेला आहे, खंदक बुजलेला आहे. काळा घोड्याजवळचे ‘एस्प्लनेड मॅन्शन’ ओलांडताना, 7 जुलै 1896 रोजी याच इमारतीतल्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला होता आणि हिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणला होता, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसे? शिवाय वाहने, सिग्नल आणि पदपथ यांतून वाट काढण्याचे काम मार्गदर्शकाने अंगावर घेतले, की आपण पाहायला मोकळे होतो.

संग्रहालयात याच्या नेमके उलट असते. तिथे वस्तू आपल्या समोर, हाताच्या अंतरावर, नीट प्रकाशात ठेवलेली असते आणि तिला आपल्या वेळेखेरीज काहीही नको असते. गटाबरोबर फिरताना आपल्याला जिथे थांबावेसे वाटते तिथून पुढे जावे लागते, आणि जिथे मन लागत नाही तिथे उभे राहावे लागते. कलेतले कळत नाही, ही आपली तक्रार मला फार मनापासून समजते. पण कळणे हे पाहण्यानंतर येते. आपण तासाभरात सगळी दालने फिरलात, त्यामुळे पाहायलाच वेळ उरला नाही.

म्हणून पुढच्या वेळी चारच वस्तू ठरवून जावे. बाकीचे संग्रहालय वाटेत जे दिसेल तेवढेच. कोणत्या चार, हे सकाळच्या वॉकवरून ठरवता आले तर फारच चांगले. माझ्या मनात असलेल्यांपैकी दोन सविस्तर सांगतो.

तळमजल्यावरील शिल्पदालनात ऐहोळेच्या एका चालुक्यकालीन मंदिराच्या छतातून काढलेल्या मोठ्या शिळा आहेत. त्यांतल्या एकीवर ब्रह्मदेव आहे. आज त्या आपल्यासमोर उभ्या मांडलेल्या असल्यामुळे आपण त्यांच्याकडे चित्राकडे पाहावे तसे सरळ पाहतो. पण त्या घडवल्या गेल्या त्या माथ्यावर, अंधुक उजेडात, मान मागे टाकून पाहण्यासाठी. शिळेसमोर उभे राहून क्षणभर असे मनात आणावे, की आपण मंदिराच्या मंडपात आहोत आणि हे सारे आपल्या डोक्यावर तरंगते आहे. मग आकृत्यांची मांडणी अशी का, देवाभोवती इतरांची गर्दी कशी पसरली आहे, कोणता भाग उठावाने पुढे आणला आहे आणि कोणता खाली ठेवला आहे, याची कारणे आपोआप दिसू लागतात. पाच मिनिटे इथे द्यावीत. पाच मिनिटे एका शिळेसमोर उभे राहणे किती अवघड आहे, हे करून पाहिल्यावरच समजते, आणि तिसऱ्या मिनिटानंतर जे दिसू लागते ते पहिल्या दोन मिनिटांत मुळीच दिसलेले नसते.

दुसरी वस्तू मीरपूर खासची. साधारण पाचव्या शतकातील स्तूपावरची ही भाजक्या मातीची शिल्पे. त्यांत ध्यानस्थ बुद्ध आहेत आणि हातात कमळ धरून उभा असलेला एक पुरुष आहे, जो बहुधा स्तूपाचा दाता असावा. सिंधच्या त्या गाळाच्या प्रदेशात चांगला दगड मिळत नसल्यामुळे स्तूप विटांचा झाला आणि मूर्तीही मातीच्या झाल्या. त्या पुरुषाच्या केसांच्या वळ्या, वस्त्राच्या चुण्या आणि कमळ धरलेली बोटे जवळून पाहावीत. ओल्या मातीत बोटांनी आणि कोरणीने काम करणाऱ्याची लय छिन्नीने दगड फोडणाऱ्यापेक्षा वेगळी असते, आणि ऐहोळेची शिळा नुकतीच पाहिलेली असल्यामुळे हा फरक कोणी न सांगताही आपल्याला जाणवतो. रंगाच्या खुणाही शोधाव्यात. ही शिल्पे एकेकाळी रंगवलेली होती.

उरलेल्या दोन वस्तू आपण निवडाव्यात. घारापुरीहून आलेली भग्न महिषासुरमर्दिनी आणि ब्रह्मा शिल्पदालनातच आहेत. पहिल्या मजल्यावरील लघुचित्रांत विजापूर-गोवळकोंड्याची दख्खनी शैली आपल्या मातीला जवळची आहे, आणि ती चित्रे हातात धरून पाहण्याच्या आकाराची असल्यामुळे काचेला नाक लागेल इतक्या जवळ जाऊनच पाहावी लागतात. दुसऱ्या मजल्यावर टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रे आहेत. सर रतन टाटा यांचा संग्रह 1921 मध्ये आणि सर दोराबजींचा 1933 मध्ये संग्रहालयाकडे आला. सकाळी फोर्टमध्ये व्यापारी घराण्यांच्या देणग्यांबद्दल ऐकले असेल, तर त्याच परंपरेचा हा पुढचा भाग आहे. निमरुदच्या राजवाड्यातील असिरियन शिल्पपट पाहतानाही मुंबई बंदर आठवावे, कारण इराकमधील उत्खननाच्या त्या काळात बसऱ्याहून इंग्लंडकडे जाणारा माल मुंबईच्या बंदरातून जात असे.

फलक वाचण्याच्या क्रमाबद्दलही एक सूचना आहे. आधी वस्तू पाहावी, काय दिसते ते मनातल्या मनात मराठीत सांगावे, आणि नंतरच फलक वाचावा. आपण सारे उलट करतो. फलक वाचून संपला की वस्तूही पाहून झाली, असे वाटते. कानाला लावायचे ऑडिओ गाइड तिथे मिळते आणि ते मराठीतूनही आहे. ते अवश्य घ्यावे, पण निवडलेल्या वस्तूंपुरतेच ऐकावे.


प्रश्न : माझ्यासोबत पंचाहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी असेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना जुनी मुंबई पाहायची फार हौस आहे. त्यांना घरी ठेवून जाणे मला पटत नाही. काही मार्ग सुचवाल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंना अवश्य घेऊन जावे. सार्वजनिक वॉकमध्ये गटाची गती एकच असते आणि मागे राहणाऱ्या माणसाला सतत अपराधी वाटत राहते. म्हणून शक्य असल्यास मार्गदर्शकाला खासगी वॉकसाठी विचारावे आणि मार्ग निम्मा करून घ्यावा. हुतात्मा चौकापासून काळा घोड्यापर्यंतचा टप्पा एक किलोमीटरपेक्षा कमी आहे, आणि त्यात 1864 मध्ये उभारलेले फ्लोरा फाउंटन, शेजारचे संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक, विद्यापीठाचा परिसर, एल्फिन्स्टन महाविद्यालय, ससून ग्रंथालय आणि जवळच्या गल्लीतले 1884चे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग एवढे सारे येते. सासूबाईंच्या पिढीच्या मनात हुतात्मा चौकाला जे स्थान आहे, ते लक्षात घेऊन तिथे थोडा जास्त वेळ ठेवावा आणि मुलीला ती गोष्ट त्यांनीच सांगावी. मेट्रो 3चे हुतात्मा चौक स्थानक झाल्यापासून या भागात पोहोचणेही सोपे झाले आहे. आपल्याला मात्र लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून पुढे टॅक्सी करणे अधिक सोयीचे पडेल.

संग्रहालयात पोहोचल्यावर आधी बागेत बसावे. जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या या वास्तूची पायाभरणी 1905 मध्ये झाली, ती 1914 मध्ये बांधून पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून उपयोग झाला आणि संग्रहालय म्हणून ती 1922 मध्ये लोकांसाठी खुली झाली. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला तो पांढरा घुमट बागेतून जितका चांगला दिसतो, तितका आतून दिसत नाही. सासूबाईंसाठी तळमजला पुरे. मध्यवर्ती दालनातील कोरीव लाकडी कमानी नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या आहेत. ज्यांनी वाड्यांत दिवस काढले आहेत, त्यांना त्या पाहून पुष्कळ काही आठवेल. चाकाची खुर्ची हवी असल्यास प्रवेशद्वारापाशीच विचारावे.

मुलीच्या हाती एक वही आणि पेन्सिल द्यावी आणि सकाळी पाहिलेली एखादी कमान किंवा दगडातला प्राणी काढायला सांगावे, मग संग्रहालयात तसाच आकार शोधायला लावावे. दहा वर्षांच्या मुलाला तारखा सांगून काही उपयोग नसतो. तिला प्राण्यांचे निसर्गविज्ञान दालन आवडले आणि ती तिथेच रमली, तर रमू द्यावे.


प्रश्न : मला प्राचीन शिल्पांपेक्षा आधुनिक चित्रकलेची ओढ आहे. फोर्टचा वॉक करून त्याच दिवशी आधुनिक कला पाहता येईल का? मी सोमवारी मोकळी असते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाहता येईल, पण वार बदलावा लागेल. संग्रहालयासमोरच्या चौकातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि आपल्या आवडीचा गाभा तोच आहे. मंगळवार ते शुक्रवारपैकी एखादा दिवस काढल्यास गर्दीही कमी मिळेल; मात्र कामाच्या दिवशी ठरलेले सार्वजनिक वॉक क्वचितच असतात, त्यामुळे वॉक खासगी ठरवावा लागेल किंवा शनिवार निवडावा लागेल.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ज्या वास्तूत आहे, ते 1911 मध्ये बांधलेले सर कावसजी जहांगीर सभागृह होय. तेही जॉर्ज विटेट यांचेच. बाहेरून जुने आणि आतून 1996 मध्ये चित्रांसाठी संपूर्ण बदललेले असे हे स्थळ आहे. आत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक चढत जातात आणि खालच्या मजल्यावर पाहिलेले मोठे चित्र वरच्या कठड्यावरून पुन्हा, वेगळ्या अंतरावरून पाहता येते. हे दुसऱ्यांदा पाहणे टाळू नये. तेथील प्रदर्शने बदलत असतात आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात दालने बंदही राहतात, म्हणून पुण्याहून निघण्यापूर्वी चालू प्रदर्शनाची खातरजमा करावी. तिथून रस्त्यापलीकडे जहांगीर कलादालन आहे. 1952 पासून सुरू असलेल्या या दालनात प्रवेश विनामूल्य आहे, आणि तिथे अनेकदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. वॉकमध्ये आपण इतरांकडून गोष्ट ऐकलेली असते. इथे ज्याने काम केले त्यालाच प्रश्न विचारता येतो. कोणता रंग वापरला, एवढा साधा प्रश्न विचारला तरी चित्रकार मनापासून उत्तर देतात.

आपल्या मार्गदर्शकाने चौकातील घोडा दाखवला, तर तो 2017 मध्ये उभारलेला, स्वार नसलेला नवा घोडा आहे, हे ध्यानात असावे. ज्याच्यावरून या भागाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये येथून हलवला गेला आणि आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. त्याच आवारात 1872 मध्ये खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. दुसरा दिवस हाताशी असेल, तर तो भायखळ्याला द्यावा. मात्र ते संग्रहालय बुधवारी बंद असते आणि मधूनमधून दुरुस्तीसाठीही बंद ठेवले जाते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करून मगच दिवस ठरवावा.